ढग गडगडायच्या आत पिन काढा : वाचकांचे प्रश्न, विजेच्या तडाख्याबद्दल

वळीव सुरू झाला की माझ्याकडे जवळपास एकाच विषयाचे प्रश्न यायला लागतात, टीव्ही उडाला, राउटर गेला, फ्रिजचा पीसीबी (आतला सर्किट बोर्ड) जळाला, आणि परतीच्या पावसात पुन्हा तेच. यंदा इतके आले की हे अख्खं सदर त्यालाच देतोय. वायरिंगची कामं करून मला तीस वर्षं झाली आणि जळालेली वस्तू उघडून बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही, त्यामुळे जे सांगतोय ते बघितलेलं आहे. नावं छापू नका असं बहुतेकांनी लिहिलंय म्हणून फक्त गाव दिलंय.

प्रश्न : काका, गेल्या मेमध्ये संध्याकाळी आमच्या घरापासून दोन कुणगे (भाताची खाचरं) सोडून एका माडावर वीज पडली. टीव्ही रिमोटनं बंद होता, बोर्डावरचं बटणही बंद होतं, तरी टीव्ही, सेट टॉप बॉक्स आणि राउटर तिन्ही गेले. बटण बंद असताना ती आत आली कुठून? (देवरुख)

ताई, हा प्रश्न मला दरवर्षी कुणी ना कुणी विचारतं आणि दरवर्षी वाईट वाटतं, कारण बटण बंद केलं म्हणजे काम झालं असं आपल्याला कुणीतरी लहानपणी सांगितलेलं असतं आणि ते अर्धंच खरं आहे. बटण एकच तार तोडतं, फेजची. न्यूट्रल आणि अर्थ या तारा बटण बंद असलं तरी जोडलेल्याच राहतात, आणि जुन्या घरांत तर वायरिंग करणाऱ्यानं बटणावर फेजच्या जागी न्यूट्रलच घेतलेला असतो, असं मला कितीतरी घरांत सापडलंय. त्यात बटणाच्या आतली फट ती केवढी, जेमतेम दोन-तीन मिलिमीटर. हवेतून एक मिलिमीटर ठिणगी उडायला साधारण ३ हजार व्होल्ट पुरतात, आणि जवळपास वीज पडली की तारांवर याच्या कितीतरी पट दाब क्षणभर चढतो. त्या दाबापुढे बटणाची फट म्हणजे काहीच नाही.

आता माडावर पडलेली वीज तुमच्या घरात कशी? विजेच्या एका लोळात साधारण ३० हजार अँपिअर करंट असतो (आपल्या घरचं मेन एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारं बटण, असतं ३२ नाहीतर ४० अँपिअरचं) आणि तो सगळा काही मायक्रोसेकंदांत जमिनीत उतरतो. एवढा करंट इतक्या झटक्यात वाहिला की आजूबाजूच्या लांबलचक तारांमध्ये आपोआप दाब तयार होतो, तारेला वीज शिवायचीसुद्धा गरज नसते. खांबावरून येणारी सर्व्हिस वायर, गच्चीवरच्या छत्रीची (डिश अँटेनाची) केबल, केबलवाल्याची झाडावरून ओढलेली वायर, या सगळ्या त्यासाठी आयत्याच उभ्या असतात.

मागे एकांचा असाच सेट टॉप बॉक्स माझ्याकडे आला होता. बाहेरून नवाकोरा. स्क्रू काढून बघितलं तर पॉवरचा भाग धडधाकट, फ्यूजसुद्धा शाबूत, आणि एचडीएमआयच्या सॉकेटमागे जी बारकी काळी चिप असते तिच्या पाठीला तिळाएवढं भोक आणि भोवती तपकिरी डाग. त्यांनी बॉक्सची पिन काढली होती पण टीव्हीची तशीच होती आणि छत्रीची केबलही लावलेलीच होती. म्हणजे ती आली छत्रीकडून, बॉक्समध्ये शिरली, एचडीएमआयमधून टीव्हीत गेली आणि टीव्हीच्या पिनेतून बाहेर पडली, जाताना दोन्ही वस्तू घेऊन गेली. लाइटच्या तारेवर हजार रुपयांचा स्पाइक गार्ड (क्षणभराचा जादा दाब अडवणारी पट्टी) लावला असता तरी तिथं काही उपयोग नव्हता.

म्हणून घरात शिरणारी प्रत्येक धातूची तार ही एक वाट आहे असं धरून चाला. टीव्ही वाचवायचा तर टीव्हीची पिन, बॉक्सची पिन आणि बॉक्सच्या पाठीमागची छत्रीची केबल, तिन्ही काढायचं. राउटरला काचेची फायबर येत असेल तर ती तशीच राहू दे, काचेतून वीज येत नाही, पण त्याच्या अडॅप्टरची पिन काढा आणि राउटरपासून टीव्हीला किंवा कॉम्प्युटरला लॅन केबल गेली असेल तर तीही काढा. काही ठिकाणी केबलवाले एका घरावरून दुसऱ्या घरावर साधी तांब्याची लॅन केबल ओढतात, तसं तुमच्याकडे असेल तर ती केबल लाइटच्या तारेइतकीच घातक समजा. आणि काढलेली पिन सॉकेटच्या तोंडाशीच लोंबकळत ठेवू नका, चांगली हातभर लांब टाका.

प्रश्न : आमच्याकडे ना ढग ना पाऊस, मार्चमधली दुपार. एकदम दिवे भगभगले, पंखा भन्नाट फिरायला लागला, समोरच्यांकडे मात्र दिवे मिणमिणत होते. दोन मिनिटांत टीव्ही, फ्रिज, चार बल्ब, दोन चार्जर खलास. वायरमन म्हणाला न्यूट्रल उडाला. हे नेमकं काय असतं आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय करू? (नांदेड)

दादा, तुमचा प्रश्न आला ते फार बरं झालं, कारण लोक आकाशातल्या विजेला घाबरतात पण मी आजवर जेवढ्या जळालेल्या वस्तू बघितल्या त्यातल्या जास्त या न्यूट्रलनं खाल्लेल्या होत्या.

डीपीवरून, म्हणजे गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरवरून, तीन फेज आणि एक न्यूट्रल अशा चार तारा निघतात. तुमच्या घरी एक फेज आणि न्यूट्रल येतो, त्यांच्यात २३० व्होल्ट. समोरच्यांकडे बहुतेक दुसरी फेज आणि तोच न्यूट्रल. दोन फेजमध्ये मात्र ४०० व्होल्ट असतात. आता डीपीजवळ न्यूट्रलचा जोड निसटला की करंटला परत जायला वाटच राहत नाही, मग तो तुमच्या घरातून समोरच्यांच्या घरात आणि तिथून त्यांच्या फेजवर असा जातो, म्हणजे तुमची दोन घरं ४०० व्होल्टवर एकामागे एक जोडल्यासारखी होतात. आणि हे ४०० व्होल्ट निम्मे-निम्मे वाटले जात नाहीत. ज्याच्याकडे लोड जास्त त्याच्या वाट्याला व्होल्टेज कमी, ज्याच्याकडे लोड कमी त्याच्या माथी जास्त. समजा समोर एसी-गिझर चालू होता आणि त्यांचा लोड तुमच्या चौपट होता, तर त्यांना मिळणार ८० व्होल्ट आणि तुम्हाला ३२०. घरी नुसता टीव्ही, फ्रिज आणि चार बल्ब लावून शांत बसलेल्या माणसाचंच नुकसान होतं. समोरचे दिवे मिणमिणते आणि तुमचे भगभगते, हे तुम्ही लिहिलंत ना, तीच याची खूण.

आणि ही गोष्ट विजेसारखी क्षणात संपत नाही, मिनिटं-मिनिटं चालते. इथं स्पाइक गार्ड वाचवू शकत नाही, उलट त्याच्या आतला दाब अडवणारा भागच तापून पेटतो. एका घरात मी बघितलंय, स्पाइक गार्ड पडद्यामागे, प्लॅस्टिक वितळून खाली ओघळलेलं आणि पडद्याची कड काळी झालेली, घरात माणसं होती म्हणून निभावलं.

तेव्हा दिवे असे भगभगले की विचार करत बसू नका, आधी मेन स्विच पाडा, मग शेजारी ओरडून सांगा, मग १९१२ वर तक्रार करा. खांबावर किंवा डीपीजवळ स्वतः कुणी जायचं नाही, गावात हौशी लोक फार असतात म्हणून सांगतोय.

होण्याआधीची लक्षणंसुद्धा असतात. शेजारी मोटर चालू झाली की आपला दिवा जरा मंद होतो ते एक वेळ चालतं, पण कुणाची मोटर चालू झाल्यावर आपला दिवा *आणखी उजळ* झाला तर न्यूट्रल ढिला आहे असं समजा आणि त्याच दिवशी तक्रार करा. पुष्कळदा दोष आपल्याच मीटरपाशी किंवा सर्व्हिस वायरच्या जोडात असतो, ॲल्युमिनिअमची तार तांब्याच्या तारेला नुसती पिळून टेप मारलेला, दोन पावसाळ्यांत त्यावर पांढरी भुकटी धरते आणि जोड तापायला लागतो. मीटरच्या बॉक्सजवळ जळकट वास आला किंवा झाकण कोमट लागलं तर तेही कळवा. थ्री-फेज घर असेल तर हे आणखी जपा, कारण तुमचा स्वतःचा न्यूट्रल ढिला झाला तरी एका खोलीत भगभग आणि दुसऱ्या खोलीत अंधार होतो.

यावरचा उपाय तसा स्वस्त आहे. मेन स्विचच्या पुढं ओव्हर-अंडर व्होल्टेजचा कट-ऑफ बसवून घ्या, डीबीमध्ये, म्हणजे एमसीबींच्या बॉक्समध्ये, एमसीबीच्या शेजारी बसतो, समोर आकडे दिसतात. व्होल्टेज ठरवलेल्या आकड्याच्या वर गेलं की अख्ख्या घराची लाइट तोडतो आणि नीट झाल्यावर थोडं थांबून परत जोडतो. मी २७० ला तोडायला आणि परत जोडायला तीन मिनिटांचा वेळ असं लावून देतो, तीन मिनिटं फ्रिजच्या कॉम्प्रेसरसाठी. मेन एमसीबीपेक्षा कमी अँपिअरचा घेऊ नका.

झालेल्या नुकसानीबद्दल : गल्लीतल्या सगळ्यांनी मिळून लेखी तक्रार द्या, तारीख-वेळ, जळालेल्या वस्तूंचे फोटो, दुरुस्तीवाल्याचं लेखी निदान असं सगळं जोडून, आणि पोच घ्या. तिथं दाद लागली नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे. फोनवरच्या तक्रारीला पुढं काही पुरावा राहत नाही.

प्रश्न : भावानं अमेरिकेहून येताना चांगल्या कंपनीचा सर्ज प्रोटेक्टर आणला, आठ सॉकेटचा. नुसती पिन बदलून इथं वापरू का? (ठाणे)

नका वापरू. तिकडं घरात १२० व्होल्ट असतात आणि त्या पट्टीच्या आतली जादा दाब गिळणारी निळी चकती, जिला एमओव्ही म्हणतात, ती त्या व्होल्टेजच्या हिशोबानं निवडलेली असते, १५० व्होल्टच्या आसपास. इथल्या २३० वर लावलीत तर तिला वाटणार की सतत सर्जच, म्हणजे दाबाचा तडाखाच, चालू आहे, ती करंट ओढायला लागणार, तापणार आणि फुटणार, धूर तर नक्की. आपल्याकडच्या वस्तूत २७५ व्होल्ट किंवा त्याच्या वरची चकती लागते. भावाला परत जाताना देऊन टाका, तिकडं त्याच्या उपयोगाची आहे. आणि हे उलटंही लागू आहे, तिकडचा साधा मिक्सर किंवा इस्त्री इथं पिन बदलून लावायची नाही, वस्तूच्या पाठीवर १००-२४० लिहिलंय का ते आधी बघा, मोबाइल आणि लॅपटॉपच्या चार्जरवर बहुतेक असतं.

प्रश्न : आम्ही पुण्यात अकराव्या मजल्यावर राहतो, बिल्डिंगवर वीजरोधक आहे. घरात स्टॅबिलायझर आहे, इन्व्हर्टर आहे, टीव्हीला स्पाइक गार्ड आहे. एवढं असताना अजून काही करायची गरज आहे का? (पुणे)

गच्चीवरचा वीजरोधक बिल्डिंगसाठी आहे. फ्रँकलिननं १७५२ च्या सुमारास ही युक्ती काढली ती इमारती फुटू नयेत, पेटू नयेत म्हणून, आणि ते काम तो आजही चोख करतो. पण त्याच्या पट्टीतून ती प्रचंड वीज खाली उतरत असताना जवळच्या डक्टमधल्या तारांवर दाब चढायचा तो चढतोच, त्यामुळे टीव्हीला त्याचा भरवसा नाही.

आता एकेक बघू. स्टॅबिलायझर हा सावकाश वर-खाली होणाऱ्या व्होल्टेजसाठी. त्याच्यातला रिले हलायला काही मिलिसेकंद लागतात आणि विजेचा तडाखा मायक्रोसेकंदांत येऊन गेलेला असतो. हाय कट असलेला, म्हणजे व्होल्टेज फार चढलं की तोडणारा, स्टॅबिलायझर न्यूट्रलच्या प्रकारात मात्र त्याला जोडलेली वस्तू वाचवू शकतो, तेवढ्यासाठी एसी-फ्रिजला असू द्या. आपला नेहमीचा घरगुती इन्व्हर्टर लाइट असताना तीच लाइट जशीच्या तशी पुढं सोडतो, त्यामुळे इन्व्हर्टरवर आहे म्हणजे सुरक्षित आहे असं नाही. एमसीबी आहे लोड आणि शॉर्टसर्किटसाठी. आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की लाइट तोडणारं बटण, आहे माणसाचा जीव वाचवायला, तो प्रत्येक घरात असायलाच हवा, पण टीव्ही वाचवणं हे त्याचं काम नाही.

स्पाइक गार्डबद्दल जरा सविस्तर सांगतो कारण यात लोकांची सर्रास फसगत होते. दुकानात ज्याला स्पाइक गार्ड म्हणून देतात ती पुष्कळदा नुसती एक्स्टेंशन पट्टी असते, एक बटण, एक लाल दिवा आणि फ्यूज, आत एमओव्ही नसतोच. पाकिटावर ज्यूलचा आकडा (किती ऊर्जा गिळू शकतो तो) आणि किती व्होल्टला अडवतो ते छापलेलं आहे का बघा, काहीच छापलेलं नसेल तर ती पट्टी समजा. एमओव्ही असला तरी तो कायमचा नाही, प्रत्येक सर्ज गिळताना तो थोडा थोडा झिजतो आणि एक दिवस संपतो, पट्टी मात्र चालूच राहते, दिवा लागतो, आपल्याला वाटतं सगळं ठीक आहे. चांगल्या पट्टीला 'प्रोटेक्टेड' असा वेगळा दिवा असतो, तो विझला की पट्टी बदलायची. आणि तीन पिनेला दोन पिनेचा कन्व्हर्टर लावून ती पट्टी वापरत असाल तर अर्थ तुटला, म्हणजे निम्मी राखण गेली.

तुमच्यासारख्या घरात मी सांगेन की डीबीमध्ये टाइप टू चा एसपीडी, म्हणजे अख्ख्या घरासाठीचा सर्ज प्रोटेक्टर, बसवा. सिंगल फेजला दोन-चार हजारांपर्यंत काम होतं, आणि ज्या घरात लाखभराची इलेक्ट्रॉनिक्स आहे तिथं हा खर्च मला अजिबात जास्त वाटत नाही. घेताना त्याच्यावरचा 'यूपी' हा आकडा (सर्जच्या वेळी किती दाब पुढं जाऊ देतो तो) बघा, १.५ किलोव्होल्ट किंवा कमी असावा. बसवणाऱ्याला एक गोष्ट आवर्जून सांगा, एसपीडीला जाणाऱ्या आणि त्याच्यापासून अर्थपर्यंतच्या तारा मिळून अर्ध्या मीटरच्या आत ठेवायच्या, गुंडाळी करून ठेवायची नाही. मी बघितलंय, डीबी दिसायला सुंदर व्हावा म्हणून तारा छान वळणं देत फिरवलेल्या असतात आणि त्या लांबीमुळेच सर्जच्या वेळी शेकडो व्होल्ट जास्त पुढं जातात. एसपीडीच्या खिडकीत हिरवं दिसतं, लाल झालं की आतली कॅसेट बदलायची, महिन्यातून एकदा डीबीचं दार उघडून बघायला काय जातंय.

एवढं करूनही वीज अगदी जवळ पडली तर खात्रीचा उपाय आधीच पिन काढून ठेवणं हाच. एसी-गिझरच्या पिना काढणं जमत नाही, तिथं त्यांचं दोन पोलचं एमसीबी पाडा, फेज आणि न्यूट्रल दोन्ही तुटतात, निदान एका तारेवरच्या बटणापेक्षा बरं.

प्रश्न : आमचं घर जांभ्यावर आहे. अर्थिंग केलेलं आहे पण इलेक्ट्रिशियन म्हणतो ते नावापुरतंच आहे. परत करू का? (कुडाळ)

करा, आणि माझं ऐकाल तर कुठलीही वस्तू विकत घ्यायच्या आधी हे करा. एसपीडी असो की स्पाइक गार्ड, सर्ज अडवून तो फेकणार कुठं, अर्थमध्येच. जाण्याची वाट नसेल तर तो तुमच्याच वस्तूंमधून वाट काढणार.

जांभ्याची अडचण अशी की तो पाणी धरत नाही. पावसाळ्यात खड्डा ओला असतो तेव्हा अर्थिंग चांगलं दाखवतो आणि एप्रिल-मेमध्ये, म्हणजे नेमका वळिवाच्या तोंडाला, ठणठणीत कोरडा पडून रेझिस्टन्स कुठल्या कुठं जातो. कोळसा-मिठाचं जुनं अर्थिंग तर दर काही वर्षांनी संपतंच, मीठ पावसात वाहून जातं आणि पाइप गंजतो. तुमच्याकडे एक रॉड पुरणार नाही, तांब्याचा मुलामा दिलेले तीन-तीन मीटरचे दोन किंवा तीन रॉड रॉडच्या लांबीएवढं तरी अंतर ठेवून, भोवती बेंटोनाइटची (ओल धरणाऱ्या मातीची) पावडर आणि सगळे एकमेकांना पट्टीनं जोडलेले, असं करून घ्या. जागा निवडताना न्हाणीघराचं सांडपाणी जातं तिकडची, माडाच्या आळ्याजवळची, जिथं बाराही महिने ओल असते ती. मोजणी अर्थ टेस्टरनंच करून घ्या आणि *मे महिन्यात* करून घ्या, जुलैतला आकडा पाहून समाधान मानू नका. घरासाठी ५ ओहमच्या आसपास किंवा खाली आला तर उत्तम, जांभ्यावर तेवढा नाही आला तरी आहे त्याच्यापेक्षा पुष्कळ खाली आणता येतो.

छत्रीचा खांब वेगळ्या अर्थला आणि घराचं अर्थिंग वेगळं, असं ठेवू नका. वीज पडली की दोन अर्थांमध्येच हजारो व्होल्टचा फरक पडतो आणि तो फरक मिटतो तो तुमच्या सेट टॉप बॉक्समधून. सगळे अर्थ एकमेकांना जोडलेले हवेत. आणि काही घरांत न्यूट्रल गेला की तात्पुरतं म्हणून अर्थिंगचीच तार न्यूट्रल म्हणून लावतात, हे कृपा करून कधीही करू नका, फ्रिजच्या दाराला हात लावणाऱ्या माणसाच्या जिवावर बेततं.

प्रश्न : गच्चीवर तीन किलोवॅटचं सोलर बसवलंय. पॅनेलमुळे वीज जास्त पडते का? (अमरावती)

पॅनेल वीज ओढून घेत नाही. पण गच्चीपासून खालच्या इन्व्हर्टरपर्यंत लांब तारा येतात आणि दाब चढायला त्या पुरतात. तुमच्या इन्व्हर्टरशेजारी दोन छोटे बॉक्स असतील, पॅनेलकडच्या डीसी तारांचा डीसीडीबी आणि घराकडच्या एसी तारांचा एसीडीबी, दोन्हींत एसपीडी आहे का ते बघा, डीसीच्या बाजूचा एसपीडी डीसीसाठीचाच हवा, एसीचा तिथं चालत नाही. बसवणारे पुष्कळदा तीन अर्थिंगचे खड्डे करतात, ते खालून एकमेकांना जोडलेत का हे विचारा. पॅनेलच्या प्लस-मायनस तारा शेजारी शेजारी बांधून आणल्यात की एक भिंतीच्या या टोकानं आणि दुसरी त्या टोकानं, हेही बघा, दोन तारांमध्ये जितकी जागा मोकळी सुटेल तितका दाब जास्त चढतो. तारा एकत्र आणणं हे फुकटात होणारं काम आहे. उन्हात पॅनेलच्या तारा जिवंत असतात, म्हणून हे सगळं बसवणाऱ्याकडूनच करून घ्या.

प्रश्न : विमा असला की वीज पडून जळालेल्या टीव्हीचे पैसे मिळतात ना? (सोलापूर)

१ एप्रिल २०२१ पासून घराच्या विम्यासाठी 'भारत गृह रक्षा' ही ठरावीक पॉलिसी सुरू झाली, तिच्यात वीज पडून झालेलं नुकसान येतं. पण अशा पॉलिसींमध्ये विजेच्या उपकरणांबद्दल एक वेगळं कलम असतं, जादा दाब, शॉर्टसर्किट वगैरेनं खुद्द ते उपकरण जळालं तर भरपाई नाही अशा अर्थाचं, आणि टीव्हीचा दावा अडतो तो तिथंच. म्हणून घेतानाच ते कलम वाचा आणि उपकरणांच्या बिघाडाचं जादा कव्हर मिळतंय का विचारा. कंपनीची वॉरंटी साधारणपणे व्होल्टेज आणि विजेच्या नुकसानीला लागू होत नाही, ते कार्डावर बारीक अक्षरात असतं.

प्रश्न : आई ७४ वर्षांची, गावी एकटी असते. विजा चमकायला लागल्यावर पिना काढायला जाते तेव्हा मलाच इकडं धाकधूक होते. काढू दे की नको? (विटा)

विजा डोक्यावर आल्यावर नको. पिन काढायची ती आधी, नाहीतर नाही. टीव्ही पुन्हा घेता येतो. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत आकडे मोजायचे, तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. तीस आकड्यांच्या आत आवाज आला म्हणजे वीज दहा किलोमीटरच्या आत आली, तेव्हापासून पिना, केबली, वायरचा फोन, नळ, अंघोळ कशालाच हात लावायचा नाही, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबायचं. मोबाइलमुळे वीज अंगावर येते हे खरं नाही, पण चार्जिंगला लावलेला मोबाइल कानाला लावू नये.

आईंना आकडे मोजायला लावण्यापेक्षा मी असं सुचवेन. एप्रिल-मेमध्ये आणि परतीच्या पावसात दुपारचं जेवण झालं की टीव्हीची, बॉक्सची पिन आणि छत्रीची केबल काढून ठेवायची, ढग असोत नसोत, आणि रात्री आभाळ मोकळं असेल तरच लावायची, दारावरची कडी लावतो तशी ती सवय होऊन जाते. तुमच्या फोनवर दामिनी हे ॲप घ्या, पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं बनवलंय, वीस-चाळीस किलोमीटरच्या टप्प्यात विजा दिसायला लागल्या की सांगतं. त्यात आईंचं गाव बघत जा आणि वेळेत फोन करा. लाइट गेली आणि विजा चमकत नसतील तर फ्रिजचं बटण बंद करून पिन काढायची आणि लाइट परत आल्यावर पाच मिनिटं थांबून लावायची, कारण येताना पहिल्या मिनिटात व्होल्टेज पुष्कळदा उड्या मारतं.

आणि पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा एक काम करून या. बहुतेक घरांत टीव्हीचं सॉकेट शोकेसच्या मागं असतं, आईंना वाकून, अंधारात चाचपडत पिन शोधावी लागते. वायरमनला बोलावून ते सॉकेट बाहेर, कमरेच्या उंचीवर काढून घ्या, टीव्ही, बॉक्स आणि राउटर एकाच चांगल्या पट्टीवर घ्या म्हणजे तीनऐवजी एकच पिन काढावी लागेल, त्या पिनेला लाल टेप गुंडाळा, छत्रीच्या केबलला सहज निघेल असा जोड पुढच्या बाजूला घ्या आणि त्यालाही लाल टेप. लाल दिसलं की काढायचं, एवढंच त्यांना सांगा. पिन ओढताना डोकं धरून ओढायची, वायरला धरून नाही, आणि हात कोरडे हवेत, भांडी घासता घासता उठून नको.